वेदनाशामक पट्टी वाढत गेली आणि दुखणेही वाढत गेले, असे का होते?

दापोली तालुक्यातील एका शिक्षिकेने आपल्या वडिलांविषयी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील ६३ वर्षांचे, आयुष्यभर हर्णै बंदरावर तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, म्हणून काम केलेले. पाच वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली म्हणून शस्त्रक्रिया झाली. कंबर बरी झाली, पण डाव्या पायातली कळ मागे राहिली. प्रथम ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्या गेल्या, त्या पुरेनात म्हणून फेंटानिलची कातडीवर चिकटवायची पट्टी सुरू झाली, ताशी २५ मायक्रोग्रॅमची. दोन-तीन महिने ते पूर्वीसारखे हसूबोलू लागले, ओटीवर जाळी दुरुस्त करायला बसू लागले. मग पट्टी ५० ची झाली, पुढे ७५ ची. आज दुखणे दोन्ही पायांत आहे, लुंगीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायची वेळ जवळ आली की जांभया, घाम आणि चिडचिड सुरू होते. नवे डॉक्टर पट्टी कमी करायला सांगतात. घरच्यांना भीती वाटते की एवढी लावून दुखते आहे तर कमी केल्यावर काय होईल. वाडीतले लोक म्हणतात, तांडेलाला व्यसन लागले. हे खरे आहे का, आणि त्यांना न सांगताच लहान पट्टी लावावी का, असे या मुलीचे शेवटचे दोन प्रश्न आहेत.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली २६ वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात वेदनाचिकित्सेचे काम करतो. तपासल्यावाचून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. पण शरीरात काय घडत असावे हे सांगता येते, आणि ते कळल्यावर पट्टी कमी करण्याची भीती बरीच ओसरेल असे मला वाटते.

व्यसनाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरात तोच सर्वांत जास्त बोचत असणार. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना ‘सवय’ हा एकच शब्द लावतो आणि तिथे घोटाळा होतो. तेवढ्याच मात्रेचा परिणाम हळूहळू उणावत जाणे म्हणजे सह्यता. औषध अचानक तुटले की जांभया, घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा आणि जुलाब होणे म्हणजे शारीरिक अवलंबन. आणि नुकसान समोर दिसत असूनही औषधामागे धावणे, त्यासाठी लपवाछपवी करणे, त्याच्यावाचून दुसरे काही न सुचणे म्हणजे व्यसन. पहिल्या दोन गोष्टी काही आठवडे नियमित ओपिऑइड, म्हणजे ट्रामाडॉल-फेंटानिलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामके, घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात घडतात, मग तो माणूस कितीही निग्रही असो. तिसरी काहींच्याच बाबतीत घडते, आणि तुम्ही लिहिलेल्या हकिकतीत तिची खूण मला दिसत नाही. दिसते ती एक चौथी गोष्ट, जिच्याविषयी रुग्णाला क्वचितच कोणी सांगते: ओपिऑइडमुळेच वेदनेची संवेदना तीव्र होणे. तिला आपण अतिवेदना म्हणू.

हे समजण्यासाठी औषध मुळात काय करते ते पाहावे लागेल. पायाकडून आलेला चेतातंतू मेरुरज्जूच्या मागच्या भागात, ज्याला पृष्ठशृंग म्हणतात तिथे संपतो. त्याचे टोक ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायने सोडते, पुढची चेतापेशी ती टिपते आणि संदेश मेंदूकडे चढतो. या टोकावर आणि पुढच्या पेशीवरही ‘म्यू’ नावाचे ग्राही, म्हणजे रसायने टिपणारी प्रथिने, असतात, आणि मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही सारी औषधे कमीअधिक जोराने त्यांनाच चिकटतात. मेंदूत असे ग्राही आहेत हे १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले. त्याच वर्षी आणखी दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तेच सांगितले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे काढले, तेव्हा हे ग्राही शरीराने स्वतःच्या वेदनाशामक द्रव्यांसाठी बाळगलेले आहेत हे कळले. अफू त्या दारातून आत शिरणारी पाहुणी आहे. १९९६ मध्ये म्यू ग्राही नसलेले उंदीर तयार करण्यात आले आणि त्यांना मॉर्फिन देऊनही ना वेदना कमी झाली, ना ओढ लागली, ना औषध तुटल्याची लक्षणे आली. गुण आणि दोष दोन्ही एकाच दारातून येतात हे त्यावरून स्पष्ट झाले.

ग्राहीला औषध चिकटले की पेशीच्या आतले जी-प्रथिन जागे होते आणि एकाच वेळी तीन ठिकाणी हात घालते. चेतातंतूच्या टोकावरच्या कॅल्शियमच्या वाहिन्या आक्रसतात, त्यामुळे ग्लुटामेट कमी सुटते. पुढच्या पेशीच्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, त्यामुळे ती पेशी शांत होते. आणि अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाचे विकर (एन्झाइम) मंदावते, त्यामुळे पेशीतल्या सायक्लिक एएमपी या निरोप्याचे प्रमाण घटते. सुरुवातीचे ते दोन-तीन सुखाचे महिने या तीन गोष्टींनी दिले.

पण चेतासंस्था अशी सक्तीची शांतता फार दिवस चालू देत नाही, आणि तिचा प्रतिकार सर्वांत आधी ग्राहीपाशीच सुरू होतो. सतत औषध चिकटलेल्या ग्राहीच्या आतल्या शेपटीवर जीआरके नावाची विकरे फॉस्फेटचे गट जडवतात. त्या खुणेवर अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसते, जी-प्रथिनाला जागा उरत नाही, आणि पुष्कळदा तो ग्राही पेशीपटलावरून आत ओढला जातो. आत गेलेला ग्राही काही वेळा धुऊनपुसून पुन्हा बाहेर येतो, काही वेळा तिथेच मोडीत निघतो. फेंटानिल ग्राहींना भराभर आत ओढायला लावते. मॉर्फिन तेवढे लावत नाही, तरीही मॉर्फिनची सह्यता चांगलीच येते, म्हणजे ग्राहींची संख्या घटणे हे सह्यतेचे संपूर्ण उत्तर असू शकत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लॉरा बोन आणि सहकाऱ्यांनी बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचा परिणाम अधिक टिकतो असे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात सह्यताही कमी येते असे दिसले. मग वीस वर्षे अशी आशा होती की अरेस्टिनला न बोलावणारे औषध केले की वेदना जाईल आणि बाकीचे दोष गळतील. ओलिसेरिडीन हे त्या विचारातून आलेले शिरेतून देण्याचे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूरही झाले, परंतु श्वास मंदावण्याचा धोका त्यालाही आहे, आणि अरेस्टिन नसलेल्या उंदरांचा श्वास सुरक्षित राहतो हा जुना निष्कर्ष नंतरच्या प्रयोगशाळांना पुन्हा मिळाला नाही. एका प्रथिनावर सगळा भार टाकणे मला पहिल्यापासून पटलेले नव्हते, कारण खाटेवरचा रुग्ण इतका सरळ वागत नाही.

दुसरी पायरी पेशीच्या आत आहे, आणि तिसऱ्या दिवशीच्या जांभयांचे उत्तर तिथे सापडते. १९७५ मध्ये शर्मा, क्ली आणि मार्शल निरेनबर्ग यांनी चेतापेशींच्या एका संवर्धित वाणावर मॉर्फिन टाकून पाहिले. प्रथम सायक्लिक एएमपी घटले, अपेक्षेप्रमाणे. पण मॉर्फिन तसेच ठेवले असता हळूहळू पातळी पूर्ववत झाली, कारण पेशीने त्या विकराची कार्यक्षमता वाढवून घेतली होती. आणि मॉर्फिन काढून घेताच ती पातळी मूळ पातळीच्याही वर उसळली. वाऱ्याच्या जोरावर होडी एका अंगाला कलते तेव्हा खलाशी दुसऱ्या अंगाला सरकून बसतात. वारा एकाएकी पडला तर होडी आता त्यांच्याच बाजूला कलंडते. तुमच्या बाबांना हे सांगून पाहा, त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक छोटा पुंजका आहे, जिथून नॉरअ‍ॅड्रेनालिन सर्वत्र पसरते. तिथल्या पेशींत हीच उसळी येते, आणि घाम, धडधड, अस्वस्थपणा हे त्या उसळीचे बाहेरचे रूप असते. जॉर्ज अघाजानियन यांनी १९७८ मध्ये दाखवले की क्लोनिडीन या रक्तदाबाच्या औषधाने त्या पेशी शांत होतात. म्हणून पट्टीची मात्रा उतरवताना आम्ही आजही थोडे क्लोनिडीन जोडीला देतो, अर्थात रक्तदाब सांभाळून.

पट्टीचे औषध तिसऱ्या दिवशी ओसरू लागते, होडी कलंडू लागते, आणि घरच्यांना ते मूळ दुखणे वाढल्यासारखे दिसते. तुमच्या पत्रात आहे की पट्ट्या मुंबईहून येतात आणि पावसाळ्यात एकदा महामार्ग बंद पडल्याने दोन दिवस उशीर झाला, तेव्हा बाबांचे फार हाल झाले. ते हाल दुखण्याचे थोडे आणि औषध तुटल्याचे जास्त होते.

येथवरचे सारे एकेका पेशीतले झाले. यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण जुनाट वेदना आणि ओपिऑइडची अतिवेदना या दोन वाटा तिथे एकमेकींना मिळतात.

मज्जातंतू दुखावल्यावर वेदना जुनाट कशी होते याचा पाया १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी घातला. इजा झालेल्या भागाकडून संदेशांचा मारा होत राहिला तर मेरुरज्जूतल्या पेशी स्वतःच उत्तेजित राहू लागतात, आणि मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वर पाठवला जातो, असे त्यांनी दाखवले. त्यात मुख्य हात एनएमडीए या ग्लुटामेटच्या ग्राहीचा असतो. एरवी त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा बोळा असतो. पेशी पुरेशी उत्तेजित झाली की बोळा निघतो, कॅल्शियम आत धावते, प्रोटीन कायनेज सी सारखी विकरे जागी होतात आणि संदेशाची वाट रुंद होते. आता पाहा: १९९१ मध्ये ट्रुहियो आणि हुदा अकिल यांनी एनएमडीए ग्राही अडवणारे औषध मॉर्फिनसोबत उंदरांना दिले, तर मॉर्फिनची सह्यता आणि अवलंबन दोन्ही रोखले गेले. सतत ओपिऑइड मिळत असताना म्यू ग्राहीकडून निघालेला निरोपच प्रोटीन कायनेज सी मार्फत एनएमडीए ग्राहीचा बोळा सैल करतो, हे त्यानंतर उलगडले. म्हणजे दुखावलेला मज्जातंतू ज्या यंत्राची कळ दाबतो, तीच कळ दीर्घकाळचे ओपिऑइडही दाबते. केटामिन हे भुलेचे जुने औषध अतिशय लहान मात्रेत आम्ही रुग्णालयात या कामासाठी वापरतो, कारण ते एनएमडीए ग्राही अडवते.

यातला सर्वांत विलक्षण भाग चेतापेशींचा नाही, त्यांच्या शेजारच्या ग्लिया पेशींचा आहे. पूर्वी त्यांना नुसते भरावाचे साहित्य समजले जाई. त्यांतल्या सूक्ष्मग्लिया या पेशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या नात्यातल्या, मेंदू आणि मेरुरज्जूची राखण करणाऱ्या. मज्जातंतू दुखावला की त्या खवळतात आणि बीडीएनएफ नावाचे प्रथिन सोडतात. त्याने काय होते हे समजायला आपल्या खाडीकाठच्या खारजमिनीकडे पाहावे. बांधाला उघाडी असते. तिचे दार उघडले की पाणी कुठल्या दिशेने वाहील हे दारावर ठरत नाही. बांधाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ्यांवर ठरते. चेतापेशीलाही क्लोराइडची अशी उघाडी असते. गाबा हे शरीराचे मुख्य शांतवणारे रसायन ती उघडते. पेशीच्या आत क्लोराइड कमी असल्याने ते बाहेरून आत येते, त्याचा ऋणभार आत जमतो आणि पेशी शांत होते. आत क्लोराइड कमी ठेवण्याचे काम केसीसी२ नावाचे प्रथिन करत असते, ते सतत क्लोराइड बाहेर उपसत असते. बीडीएनएफमुळे हा उपसा मंदावतो, आत क्लोराइड साचते, आणि मग गाबाने उघाडी उघडली तरी प्रवाह आत येत नाही, काही पेशींत तर उलटा बाहेर जातो. दार बिघडलेले नसते, गाबाही पुरेसे असते, तरी ब्रेक लागत नाही आणि कधी कधी ब्रेक दाबला की गाडी वेग घेते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जेफ्री कूल आणि यीव्ह द कोनिंक यांनी २००३ ते २००५ या काळात हे दुखावलेल्या मज्जातंतूच्या संदर्भात दाखवले.

२०१३ मध्ये त्याच गटाने, फ्रान्चेस्को फेरिनी यांच्या पुढाकाराने, मज्जातंतूला कसलीही इजा नसलेल्या प्राण्यांना काही दिवस मॉर्फिन दिले आणि त्यांच्या मेरुरज्जूत हाच प्रकार आढळला: सूक्ष्मग्लिया, बीडीएनएफ, केसीसी२ चा ऱ्हास, आणि स्पर्शाची वेदना. ही साखळी तोडली तर अतिवेदना गेली, परंतु सह्यता मात्र तशीच राहिली. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण त्यावरून या दोन वेगळ्या व्याधी आहेत हे कळते, एकाच रुग्णात त्या शेजारी शेजारी नांदत असल्या तरी. आणि २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या पीटर ग्रेस, लिंडा वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी मज्जातंतू दुखावलेल्या उंदरांना, इजेनंतर दहा दिवसांनी, फक्त पाच दिवस मॉर्फिन दिले, तेव्हा त्यांची वेदना इतर उंदरांच्या जवळजवळ दुप्पट काळ टिकली. मज्जातंतूच्या इजेने ग्लियाला एकदा डिवचलेले असते आणि मॉर्फिन तिला दुसऱ्यांदा डिवचते, असा त्यांचा अर्थ आहे. प्राण्यांतले सारे माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही. तथापि शस्त्रक्रियेच्या टेबलावर रेमिफेंटानिल हे शिरेतून द्यायचे ओपिऑइड मोठ्या मात्रेत दिलेल्या रुग्णांना नंतर अधिक वेदना होतात आणि अधिक मॉर्फिन लागते, हे अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे आणि मी ते स्वतः पाहिले आहे.

तुमच्या बाबांच्या मज्जातंतूला सरकलेल्या गादीने एकदा डिवचले. त्यावर काही वर्षे चढत्या मात्रेचे ओपिऑइड आले. डाव्या पायातले दुखणे उजव्या पायात गेले, ठरावीक रेषेत उतरणारी कळ पसरट, जळजळती झाली, कापडाचा स्पर्श सोसवेनासा झाला. मात्रा वाढवूनही थांग लागत नाही. हे चित्र वाचून मला अतिवेदनेचीच शंका येते.

परंतु त्याआधी एक गोष्ट काटेकोरपणे तपासून घ्यायलाच हवी. दुखणे दुसऱ्या पायात जाण्यामागे मणक्याचा नवा आजारही असू शकतो. पाय लुळा पडत असेल, चप्पल पायातून निसटत असेल, लघवी तुंबत असेल किंवा नकळत होत असेल, बसतो त्या जागेची संवेदना गेली असेल, ताप किंवा वजनातली घट असेल, तर बाकी सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे नसेल आणि एमआरआयमध्येही नवे काही नसेल, तरच पुढचे बोलणे.

सह्यता आणि अतिवेदना यांतला फरक ओळखायची खूण तत्त्वतः सोपी आहे. नुसती सह्यता असेल तर मात्रा वाढवल्यावर आराम पडतो, काही काळ तरी; अतिवेदना असेल तर मात्रा वाढवल्यावर दुखणे तसेच राहते किंवा पसरते, आणि कमी केल्यावर, सुरुवातीचे वाईट दिवस सरल्यावर, उतरते. तत्त्वतः सोपी असूनही मी ती एकदा चुकलो आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत चिरेखाणीत काम करणारा एक रुग्ण माझ्याकडे होता. त्याचे औषध मी चौदा महिने वाढवत राहिलो, प्रत्येक वेळी त्याला दोन आठवडे बरे वाटायचे आणि मग आधीपेक्षा वाईट. मोठी मात्रा म्हणजे मोठी दया असे मला तेव्हा वाटत होते. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी औषध टप्प्याटप्प्याने उतरवले. पहिले तीन आठवडे त्या माणसाचे आणि माझेही कठीण गेले, आणि सुमारे सहा आठवड्यांनी त्याने सदरा घालताना पाठ हुळहुळत नाही असे सांगितले. त्याच्या त्या चौदा महिन्यांची मला आजही खंत आहे.

आता करायचे काय. पट्टी अचानक काढू नये, ही पहिली आणि सर्वांत कडक सूचना. वर्षाहून अधिक काळ औषध घेतलेल्यांत महिन्याला साधारण दहा टक्के किंवा त्याहून सावकाश उतरावे असे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका सांगते. पट्टीच्या बाबतीत बाजारात मिळणाऱ्या लहानात लहान पायरीने एकेक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यावर शरीर स्थिर होईपर्यंत थांबणे, असे ते व्यवहारात येते. पावसात किंवा गणपतीच्या गर्दीत पट्ट्यांचा पुरवठा तुटेल अशा वेळी नवा टप्पा सुरू करू नये. पट्टी कात्रीने कापून अर्धी करू नये, काही पट्ट्यांत त्यामुळे सगळे औषध एकदम बाहेर येते. पट्टीवर किंवा तिच्या आसपास गरम पाण्याची पिशवी, तव्यावर गरम केलेल्या निगडीच्या पाल्याचा शेक, असे काहीही नको, कारण उष्णतेने त्वचेतून औषध वेगाने शोषले जाते आणि श्वास मंदावू शकतो. पाय शेकायला हरकत नाही, पट्टी दूर असली तर. वापरलेल्या पट्टीतही बरेच औषध उरते. तिची चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. दारू आणि झोपेच्या गोळ्या या काळात पूर्ण वर्ज्य. आणि पट्टी काही दिवस बंद राहिली असेल तर पुन्हा एकदम ७५ ची लावू नये, कारण सह्यता लवकर ओसरते आणि कालपर्यंत पचलेली मात्रा आज जीव घेऊ शकते.

उतरताना मज्जातंतूच्या वेदनेवरची दुसरी औषधे जोडीला लागतात. ड्युलोक्सेटिन किंवा नॉर्ट्रिप्टिलिन मेंदूकडून खाली येणारा, वेदना दाबणारा नैसर्गिक प्रवाह बळकट करतात. गॅबापेंटिन चेतातंतूच्या टोकावरच्या कॅल्शियम वाहिन्यांवर काम करते, मात्र ओपिऑइडसोबत त्यानेही श्वास मंदावू शकतो, म्हणून ते बेतानेच. वडिलांचे वय पाहता नॉर्ट्रिप्टिलिनपूर्वी ईसीजी हवा. काही रुग्णांत फेंटानिलवरून ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या ओपिऑइडवर नेणे हिताचे ठरते, पण हा बदल चुकीच्या वेळी केला तर औषध तुटल्याची लक्षणे एकदम उसळतात, म्हणून तो अनुभवी हातांनीच व्हावा. ओपिऑइडने होणाऱ्या बद्धकोष्ठाला सह्यता येत नाही, तेव्हा त्यावरचे औषध शेवटच्या पट्टीपर्यंत चालू ठेवावे. पायाच्या कातडीला स्पर्शाची पुन्हा ओळख करून द्यावी लागते: पहिले काही दिवस कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, दिवसातून तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटे. आणि सकाळी ओहोटीला, वाळू घट्ट असताना, कोणाच्या तरी सोबतीने चालणे, आधी दहा मिनिटे. मी गुण वेदनेच्या आकड्यावर मोजत नाही. ते सलग किती वेळ जाळे विणायला बसू शकतात यावर मोजतो.

हे सारे वाचून ओपिऑइड वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून इथे जरा वेगळे बोलतो. कंबर, गुडघा आणि खुब्याच्या जुनाट दुखण्यात ती फारशी उपयोगी नाहीत हे २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, २४० रुग्णांना वर्षभर पाहिलेल्या चाचणीत दिसले. इतर औषधे घेणाऱ्यांपेक्षा ओपिऑइड घेणाऱ्यांचा वावर अधिक सुधारला नाही. मशेरीने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरने तळमळणाऱ्या बाईची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. तिला मॉर्फिन मिळणे हा तिचा हक्क आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून हेच सांगत आली आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि तरी अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याच्या जाचक अटींमुळे आपल्याकडची अनेक माणसे मॉर्फिनवाचून गेली. २०१४ च्या दुरुस्तीने त्या अटी सैल झाल्या, पण कोकणातल्या कित्येक घरांना ती गोळी आजही जवळ मिळत नाही. सह्यतेची भीती दाखवून अशा रुग्णाची गोळी कोणी रोखली तर ते या शास्त्राचा विपर्यास करत आहेत. तिथे दुखणे वाढले तर बहुधा गाठ वाढलेली असते, आणि मात्रा वाढवणे योग्यच असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बाबांना न सांगता पट्टी बदलावी का. कृपया तसे करू नका, आणि याचे कारण नैतिक आहे तसेच जैवरासायनिकही आहे. १९७८ मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी दात काढलेल्या रुग्णांवर दाखवले की औषध मिळाले या नुसत्या विश्वासाने पडणारा आराम नॅलोक्सोन देऊन घालवता येतो. नॅलोक्सोन ओपिऑइड ग्राही अडवते. म्हणजे विश्वासही त्याच ग्राहींमार्फत काम करतो. २०११ मध्ये उलरिके बिंगेल आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना रेमिफेंटानिल सतत चालू ठेवले. औषध सुरू आहे असे सांगितल्यावर परिणाम दुप्पट झाला, आणि ते चालू असतानाच ‘आता बंद केले’ असे सांगितल्यावर परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. लपवून लावलेली लहान पट्टी बाबांना एक ना एक दिवस कळेलच, आणि त्या दिवशी उरलेल्या औषधाचाही गुण जाईल, तुमच्यावरचा भरवसा जाईल तो वेगळा. पट्टी बदलायच्या आदल्या दिवशी, सकाळी, ते ओटीवर निवांत असताना त्यांच्याशी बोला. पट्टीच त्यांच्या पायांची आग वाढवत असावी असे डॉक्टरांना वाटते, ती एक पायरी उतरायची आहे, पहिले आठ-दहा दिवस जड जातील आणि त्यासाठी औषध तयार आहे, पुढची पायरी कधी उतरायची हे डॉक्टर त्यांना विचारूनच ठरवतील, असे सांगा. आणि त्या पायऱ्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने लिहायला द्या.